घरातला वाटा

मुंबईत आपण घर विकत घेतलं असं म्हणतो, तेव्हा हातात दोन कागद येतात. एक नोंदणी केलेला करारनामा, जाडजूड, परिशिष्टांसकट बाइंड केलेला. दुसरा एकाच पानाचा: हाउसिंग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे भागपत्र. ५० रुपये दर्शनी किमतीचे पाच किंवा दहा भाग तुमच्या नावावर आहेत, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. कोटभर रुपयांच्या घराचा हा दुसरा कागद २५० किंवा ५०० रुपयांचा.

वकील, बँक आणि इस्टेट एजंट पहिल्या कागदाबद्दल भरभरून बोलतात. दुसरा फाइलमध्ये सरकवला जातो. पण मुंबईतल्या घराचा खरा इतिहास या दुसऱ्या कागदात आहे. इमारत संस्थेची, आणि तुम्ही त्या संस्थेतले एक भागीदार, असं तो सांगतो. आपण घर घेत नाही, वाटा घेतो.

मी हे शोधत बसले त्याला कारण घरचंच. आम्ही दोघं नोकरीला लागून पाच वर्षंही झालेली नाहीत. नवरा महापालिकेत तृतीय श्रेणीत, मी एका खासगी कंपनीत. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक परिपत्रक फिरू लागलं. माहुलच्या प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या इमारतींतली ९,०९८ रिकामी घरं महापालिका आपल्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना विकणार होती. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत सुमारे १२ लाख ६० हजार. या पैशांत चेंबूरला गाडी उभी करायला जागा मिळणंही अवघड.

आमच्या घरात लगेच दोन तट पडले, आणि गंमत म्हणजे दोन्ही तटांत आम्ही दोघंही होतो. सकाळी तो 'घेऊ या' म्हणायचा आणि मी नको म्हणायचे. रात्रीपर्यंत पारडं उलटं झालेलं असायचं. शेवटी मी ठरवलं की आधी वाचायचं. या शहरात माणसं एकत्र घर कधीपासून घेऊ लागली, वाटा म्हणजे नेमका कशातला, आणि माहुलच्या त्या घरांत तो कितपत मिळतो?

कारकुनांची इमारत

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी सरकारने 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' काढला. दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, नवे भूखंड आखून भाडेपट्ट्याने द्यायचे, असं त्याचं काम. पाडकाम झपाट्याने झालं, बांधकाम मागे राहिलं. शहरात नोकऱ्या होत्या, खोल्या नव्हत्या. ओळखीचं वाटतं ना?

त्या काळात कारवार, कुमठा, होन्नावर या भागातून चित्रापूर सारस्वत समाजातले तरुण नोकरीसाठी मुंबईला येत. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. कुणी सरकारी कचेरीत कारकून, कुणी शिक्षक. पगार नियमित पण तुटपुंजा. गिरगावच्या आसपास चाळीतली खोली, तीही तीन-चार जणांत. आजच्या भाषेत सांगायचं तर 'अर्ली करिअर प्रोफेशनल', आणि तेही शेअरिंगवर.

याच समाजातले श्रीपाद सुब्राव तालमकी (१८५९–१९४८) यांनी १९०६ मध्ये एक पतसंस्था काढली. आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांचं नाव तिला दिलं. आजची एसव्हीसी बँक ती हीच. पुढे १९१२ मध्ये सहकाराचा नवा कायदा आला आणि कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची वाट मोकळी झाली. त्याचा फायदा घेऊन १९१५ मध्ये 'सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' उभी राहिली, गावदेवीत. बंगळुरात १९०९ मध्येच अशी एक संस्था निघाली होती, पण मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून मान सारस्वतांच्या या सोसायटीला जातो.

तिची रीत साधी होती. एकट्या कारकुनाकडे तारण ठेवायला काही नसतं. पण असे बरेच कारकून एकत्र येऊन भाग विकत घेतात, तेव्हा त्यांची एक संस्था होते. ती संस्था जमीन घेऊ शकते, कर्ज काढू शकते, इमारत बांधू शकते. इमारत कुणा एकाची नाही, संस्थेची. सभासद आपल्या खोल्यांचं भाडं संस्थेलाच भरतात, म्हणजे एका अर्थी स्वतःलाच. कर्ज फिटत जातं, घरमालक नावाचा माणूस मध्ये नसतो, आणि सभेत प्रत्येकाला एक मत. इंग्लंडमध्ये १९०१ साली लंडनजवळच्या ईलिंग इथे बांधकाम कामगारांनी 'ईलिंग टेनंट्स' नावाची संस्था काढली होती, तीही याच वळणाची. भाडेकरू आणि मालक ही दोन माणसं एकाच अंगात आणायची, ही त्या काळाची मोठी कल्पना होती.

आज ब्रिटनमध्ये 'शेअर्ड ओनरशिप' म्हणतात ती वेगळी गोष्ट. तिथे तरुण जोडपं घराचा एक हिस्सा विकत घेतं, उरलेल्या हिश्शाचं भाडं गृहसंस्थेला देतं, आणि ऐपत वाढेल तसा हिस्सा वाढवत नेतं. आपल्याकडे ही पद्धत रुजली नाही. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: अख्खं घर परवडत नसेल तर त्याचा किती भाग आपला, आणि उरलेला कुणाचा?

तालमकींच्या सोसायटीत या प्रश्नाला तीन उत्तरं होती, आणि ती मला महत्त्वाची वाटतात. वाटेकरी एकमेकांना ओळखत होते. जागा त्यांनी निवडली होती. आणि निर्णय त्यांच्या मतांवर होत होते.

यातलं पहिलं उत्तर मात्र दुधारी आहे. वाटेकरी निवडायचा हक्क म्हणजे कुणाला तरी नाकारायचाही हक्क. मुंबईतल्या जुन्या वसाहतींची नावं वाचत गेलं की जातीचा आणि धर्माचा नकाशाच समोर येतो. २००५ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवलं होतं, आणि न्यायालयाने तो पोटनियम वैध मानला. आज आम्ही घर बघायला फोन करतो तेव्हा काही एजंट बजेटच्या आधी आडनाव विचारतात. त्या प्रश्नाचं वय शंभर वर्षांहून जास्त आहे, हे कळल्यावर राग कमी होत नाही, पण तो कुठून आला ते समजतं.

'ओनरशिपचा ब्लॉक'

आजी-आजोबांच्या पिढीतली माणसं अजून म्हणतात, "त्यांचा ओनरशिपचा ब्लॉक आहे." आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. घर म्हटल्यावर ओनरशिपचंच असणार. पण एके काळी मुंबईत घर म्हणजे भाड्याचं, हेच गृहीत होतं.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरूला कुणी हाकलू शकत नव्हतं, हा मोठाच दिलासा. पण भाडं गोठलं तसा मालकांचा नवं बांधण्यातला आणि जुनं दुरुस्त करण्यातला रसही गोठला. यातून पागडी फोफावली. मोठी रक्कम रोख मोजून भाडेकरू व्हायचं, नाममात्र भाडं भरायचं, आणि जागा सोडताना पुढच्या भाडेकरूकडून मिळालेल्या पागडीतला साधारण तिसरा हिस्सा मालकाला द्यायचा. बघायला गेलं तर हीदेखील वाट्याची मालकीच. फक्त तिला कायद्याचा आधार नव्हता. तो नव्या भाडेनियंत्रण कायद्याने दिला, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोवर लाखो लोकांच्या डोक्यावरचं छप्पर एका बेकायदा व्यवहारावर उभं होतं आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

दुसरीकडे १९५० च्या दशकात बिल्डर फ्लॅट सुटे सुटे विकू लागले, 'ओनरशिप बेसिसवर'. वाटेकऱ्यांनी आधी एकत्र येऊन मग इमारत बांधायची हा क्रम इथे उलटा झाला. आधी बिल्डर इमारत बांधणार, मग अनोळखी माणसं एकेक फ्लॅट घेणार, आणि शेवटी त्या अनोळखी माणसांची सोसायटी होणार. १९६० मध्ये महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा आला. फ्लॅटविक्रीतली फसवणूक इतकी वाढली होती की १९६३ मध्ये 'मोफा' हा खास कायदा करावा लागला. लेखी करार करा, नकाशे दाखवा, सोसायटी स्थापन करून द्या, आणि ठरल्या मुदतीत जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर करून द्या, असं त्यात बिल्डरला बजावलं होतं.

यातली शेवटची अट हजारो इमारतींत कागदावरच राहिली. लोक तीस-तीस वर्षं राहत होते, मेंटेनन्स भरत होते, गणपती बसवत होते, आणि जमीन मात्र सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर. इमारत मोडकळीला आली, पुनर्विकासाची वेळ आली, की हे उघडं पडायचं. २००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' आलं, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. बिल्डर सही करत नसेल तर सरकारी अधिकारीच जमीन सोसायटीच्या नावावर करण्याचा आदेश देऊ शकतो.

घर बघायला गेल्यावर आम्ही आता टाइल्सबद्दल नंतर विचारतो. आधी विचारतो, कन्व्हेयन्स झालंय का? हा प्रश्न ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो यावरून बरंच कळतं.

दोन नावं, एक मत

आता त्या एका पानाच्या कागदाकडे परत येऊ. आम्ही घर घेऊ ते दोघांच्या नावावर, यावर आमच्यात कधी वाद नव्हता. हप्ते दोघं भरणार, तर नावं दोन. पण कागदावर नावं एकाखाली एक लिहितात. पहिलं कुणाचं?

हा प्रश्न मानापमानाचा वाटतो, पण आहे कायद्याचा. १९६० च्या सहकार कायद्यात तरतूद आहे की भाग संयुक्त नावांवर असतील तर मताचा अधिकार भागपत्रावर ज्याचं नाव पहिलं त्याचा. तो हजर नसेल तर दुसऱ्याचा. म्हणजे पैसे निम्मे-निम्मे, कर्जाची जबाबदारी दोघांवर, पण सभेत हात वर करणार एकच. पुनर्विकासाला हो की नाही, कोणता बिल्डर, दुरुस्तीला किती वर्गणी, हे सगळं त्या हातावर ठरतं. तुमच्या घरी असलेलं भागपत्र काढून बघा. पहिलं नाव वडिलांचं किंवा आजोबांचं असण्याची शक्यता खूप मोठी.

याच शहरात एक ठिकाण आहे जिथे दोघांची नावं हा नियमच आहे, निवडीचा भाग नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमावलीत झोपडीधारकाशी होणारा करार पती-पत्नीच्या संयुक्त नावाने करायचा, असं लिहिलेलं आहे. फुकट मिळणारं घर नवऱ्याने परस्पर विकू नये, बाईला बेघर करू नये, हा त्यामागचा विचार. जिथे सरकार घर देतं तिथे बायकोचं नाव सक्तीचं. जिथे आपण स्वतः विकत घेतो तिथे ते आपल्यावर सोडलेलं.

मग २०२१ मध्ये तिसरीच गोष्ट आली. महाराष्ट्र सरकारने महिलांच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत दिली. मुंबईत सहाऐवजी पाच टक्के. पण अट अशी की खरेदीदार फक्त महिलाच हव्यात. संयुक्त नावाला सवलत नाही. ६० लाखांच्या घरावर ६० हजार वाचतात, आणि नव्याने संसार मांडणाऱ्यांना ६० हजार म्हणजे फ्रिज, वॉशिंग मशीन आणि वर थोडं. ज्या जोडप्याला खरोखर निम्मं-निम्मं वाटून घ्यायचंय, त्याला ही सवलत मिळत नाही. आमच्यातला एक अख्खा रविवार या ६० हजारांवर खर्च झाला. शेवटी सवलत सोडायची आणि दोन नावं ठेवायची असं ठरलं.

इथवर वाचून माझ्या लक्षात आलं की वाट्याची मालकी ही भिंतींच्या क्षेत्रफळापेक्षा दोन साध्या हक्कांवर उभी असते. निर्णय घेताना तुम्हाला विचारलं जातं का? आणि विचारल्यावर नाही म्हणता येतं का? ही मोजपट्टी घेऊन मी माहुलकडे वळले.

माहुल

माहुल हे तुर्भे बेटाच्या कडेचं जुनं गाव. कोळी आणि आगरी वस्ती, खाडी, मिठागरं, खारफुटी. शिवडी-माहुलच्या चिखलपट्टीवर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात, ते फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिले असतील. कोळ्यांची खाडी कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. जाळं कुणी कुठे लावायचं, होडी कुठे लावायची, हे गाव ठरवतं. मुंबईतली वाट्याची मालकी १९१५ मध्ये सुरू झाली असं म्हणताना ही जुनी वहिवाट विसरून चालणार नाही. तिला भागपत्र नव्हतं, इतकंच.

१९५१ मध्ये इराणने आपला तेलउद्योग राष्ट्रीयीकृत केला आणि आबादानची प्रचंड रिफायनरी ब्रिटिश कंपनीच्या हातून गेली. त्याच वर्षी भारत सरकारने परदेशी तेल कंपन्यांशी इथे रिफायनऱ्या उभारण्याचे करार केले. जागा ठरली तुर्भे-माहुलची: खोल पाणी जवळ, शहर जवळ, आणि तेव्हा वस्ती विरळ. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची रिफायनरी सुरू झाली, १९५५ मध्ये बर्मा-शेलची. सत्तरच्या दशकात दोन्हींचं राष्ट्रीयीकरण झालं. आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम त्या याच. शेजारी अणुसंशोधन केंद्र आलं, खत कारखाना आला, वीजकेंद्र आलं, रसायनांच्या टाक्या आल्या. देशाला या सगळ्याची गरज होती. पण खाडीच्या वाटेकऱ्यांना कुणी विचारल्याचं दिसत नाही.

माहुल आणि आंबापाड्यातल्या रहिवाशांनी हवेविरुद्धचा लढा राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. १८ डिसेंबर २०१५ च्या निकालात लवादाने मान्य केलं की इथल्या हवेमुळे या गावांतल्या लोकांच्या आरोग्याला जाणवण्याजोगा धोका आहे. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने दोन्ही तेल कंपन्या आणि रसायनं साठवणाऱ्या आणखी दोन कंपन्या यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला.

आता मधली वर्षं बघा. याच माहुलमध्ये रिफायनरीच्या भिंतीला जवळजवळ खेटून प्रकल्पग्रस्तांसाठी एक वसाहत उभी राहिली होती: ७२ इमारती, १७,२०५ घरं. खासगी विकासकाने ती बांधून द्यायची आणि बदल्यात त्याला शहरात इतरत्र वापरता येणारे विकास हक्क मिळायचे, असा तो व्यवहार. म्हणजे घरं माहुलला आणि त्यांचा मोबदला जिथे जमीन महाग तिथे. जागा निवडताना राहणाऱ्याचा विचार करायची गरजच या हिशेबात नव्हती.

तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशानंतर हटवल्या जाऊ लागल्या, आणि २०१७ पासून हजारो कुटुंबं माहुलला आली. विद्याविहार, घाटकोपर, अंधेरी अशा ठिकाणची माणसं. लवादाचा निकाल त्याआधीच आलेला होता. कुटुंबांना घराची चावी मिळाली, नळ मिळाला, पक्क्या भिंती मिळाल्या. सोबत खोकला, त्वचेचे विकार, डोळ्यांची जळजळ, आणि शाळा-दवाखाना-कामापासूनचं अंतर. ८ ऑगस्ट २०१८ ला भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट होऊन आग लागली. चाळीसहून जास्त कामगार जखमी झाले आणि हादरे चेंबूरच्या घराघरांत जाणवले.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस माहुलच्या काही रहिवाशांनी विद्याविहारला, जिथून त्यांना उठवलं होतं तिथेच, फुटपाथवर मुक्काम ठोकला. २२५ चौरस फुटांचं पक्कं घर असताना माणसं फुटपाथवर झोपायला आली, यातच सगळं आलं. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनीही या लोकांना तिथून हलवण्याची शिफारस केली. २३ सप्टेंबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की यापुढे कुणालाही माहुलला पाठवू नका. जे तिथे राहू इच्छित नाहीत त्यांना पर्यायी घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या.

माझ्या मोजपट्टीवर हे असं दिसतं. तालमकींच्या कारकुनांनी शेजारी निवडले, जागा निवडली, मत दिलं. माहुलला पाठवलेल्यांच्या वाट्याला या तिन्हींपैकी एकही गोष्ट आली नाही. कागदावर घर त्यांचं, पण शेजार लॉटरीने ठरलेला, जागा टीडीआरच्या हिशेबाने, आणि 'नाही' म्हणायला उच्च न्यायालय गाठावं लागलं. हवा तर कोणत्याच भागपत्रावर नसते. ती सगळ्यांच्या वाट्याची असते आणि तिचा निर्णय घराबाहेर कुठेतरी होतो.

विचारणा

उरलेली रिकामी घरं म्हणजेच ती २०२५ ची योजना. आम्ही एका रविवारी जाऊन पाहून आलो. मोनोरेलचे खांब, त्यापलीकडे टाक्या आणि चिमण्या, दाटीने उभ्या इमारती, मधली बोळं इतकी अरुंद की दुपारीही खालच्या मजल्यावर दिवे लागलेले. वास होता, नव्हता, पुन्हा आला. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. एका दुकानात आम्ही पाण्याची बाटली घेतली आणि नवरा म्हणाला, इथे माणसं राहतायत, आपल्याला काय सोनं लागलंय? हा प्रश्न खरा होता आणि अजूनही आहे. १२ लाख ६० हजारांत मुंबईत छप्पर मिळणं ही त्याच्या खात्यातल्या कित्येकांसाठी, दोन तास लोकल करून बदलापूर-विरारहून येणाऱ्यांसाठी, थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही.

आम्ही अर्ज भरला नाही. कारण दोघांचं वेगळं होतं. त्याचं म्हणणं, आईला दमा आहे. माझं म्हणणं, या घराबाबतचा सगळ्यात मोठा निर्णय, म्हणजे हवा कशी असेल, तो सोसायटीच्या कोणत्याही सभेत कधीच येणार नाही. आपण हात वर करायचा तो कशासाठी? लिफ्टच्या रंगासाठी?

आमच्यासारखे बरेच असावेत. योजनेला प्रतिसाद थंड मिळाला, अर्जाची मुदत वाढवावी लागली. बातम्यांत याकडे योजनेचं अपयश म्हणून पाहिलं गेलं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या इमारतींबाबत पहिल्यांदाच कुणाला तरी रीतसर विचारलं गेलं होतं, हवंय का? कर्मचाऱ्यांपाशी पगार होता, भाड्याचं का होईना घर होतं, म्हणून ते गप्प राहून नाही म्हणू शकले. त्याआधी त्याच जिन्यांवरून सामान चढवलेल्यांना हेच उत्तर द्यायला दोन वर्षं कोर्टाच्या तारखा आणि विद्याविहारचा फुटपाथ लागला.

सध्या आमचं मुलुंडला एका जुन्या सोसायटीत बोलणं चालू आहे. वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. कन्व्हेयन्स झालेलं आहे. सचिवांनी इतिवृत्ताची वही दाखवायला आढेवेढे घेतले नाहीत. भागपत्रावर पहिलं नाव माझं असेल, कारण त्याच्या ड्युट्या फिरत्या असतात आणि सभा मला जमतील. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. ताबा त्याआधी मिळाला तर या वर्षीच्याच सभेला बसायचं, असं ठरलंय.